गेटहाउस मीडिया आणि तिची गावोगावची वृत्तपत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या लहान गावांचे पेपर कुणाच्या मालकीचे झाले, का झाले आणि पुढे त्यांचं काय झालं, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. रकमा अमेरिकी डॉलरमध्ये आणि कोटींत आहेत (१ कोटी म्हणजे १० मिलियन). प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. विषय दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गेटहाउस मीडिया म्हणजे नेमकी कोणती कंपनी? ती आज आहे का?

त्या नावाने नाही, पण कंपनी आहे. १९९८ मध्ये ती ‘लिबर्टी ग्रुप पब्लिशिंग’ म्हणून सुरू झाली आणि २००६ मध्ये तिचं नाव ‘गेटहाउस मीडिया’ झालं. २०१३ च्या दिवाळखोरीनंतर ‘न्यू मीडिया इन्व्हेस्टमेंट ग्रुप’ ही पालक कंपनी वर आली आणि गेटहाउस तिची उपकंपनी झाली. २०१९ मध्ये न्यू मीडियाने ‘गॅनेट’ ही मोठी वृत्तपत्र कंपनी विकत घेऊन तिचंच नाव लावलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा नामांतर होऊन ‘यूएसए टुडे कंपनी’ झाली. सत्तावीस वर्षांत पाच पाट्या. म्हणून जुन्या बातम्या वाचताना आधी साल पाहावं, मग नाव.

२. सुरुवात कुठून झाली? लिबर्टीने हे पेपर स्वतः काढले होते का?

नाही. या कंपनीने सुरू केलेले पेपर शोधावे लागतील. जवळपास सगळं विकत घेतलेलं आहे.

मूळ कॅनडात आहे. कॉनरॅड ब्लॅक, डेव्हिड रॅडलर आणि पीटर व्हाइट या तिघांनी १९६९ मध्ये क्वेबेकमधला ‘शेरब्रुक रेकॉर्ड’ हा छोटा इंग्रजी पेपर घेतला. खर्च कापला की छोटा पेपरही घसघशीत पैसे देतो, हे त्यांना तिथे कळलं. १९८० च्या दशकात त्यांच्या हॉलिंजर कंपनीने ‘अमेरिकन पब्लिशिंग कंपनी’मार्फत अमेरिकेत तोच धडा गिरवला. काही हजार खपाचे, दोन-तीन पिढ्या एका घराण्याकडे असलेले, पुढच्या पिढीला नको असलेले पेपर ते घेत सुटले. पुढे ब्लॅक यांना मोठ्या शहरांची ओढ लागली (१९९४ मध्ये त्यांनी ‘शिकागो सन-टाइम्स’ घेतला) आणि छोटे पेपर विक्रीला निघाले. त्यांतले दीडशेहून अधिक जानेवारी १९९८ मध्ये लॉस एंजेलिसच्या लेनर्ड ग्रीन अँड पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीने सुमारे ३१ कोटींना घेतले. तीच लिबर्टी. तिचं मुख्यालय शिकागोजवळ होतं.

३. ब्लॅक तुरुंगात गेले ते याच छोट्या पेपरांमुळे ना?

बऱ्याच अंशी हो, पण लिबर्टीचा त्यात गुन्हा नव्हता. पेपर विकताना मालक ‘आम्ही तुमच्याशी स्पर्धा करणार नाही’ असा करार करतो आणि त्याचे पैसे घेतो, ही अमेरिकेत नेहमीची पद्धत आहे. ते पैसे विकणाऱ्या कंपनीला मिळायला हवे होते, ते अधिकाऱ्यांच्या खिशात गेले, असा आरोप होता. सर्वांत गाजलेली रक्कम ५५ लाख डॉलरची. अमेरिकन पब्लिशिंगशी स्पर्धा न करण्याबद्दल तिच्याच वरिष्ठांना ती देण्यात आली, आणि त्या वेळी त्या कंपनीकडे कॅलिफोर्नियातल्या मॅमथ लेक्स गावचा एक पेपर तेवढा उरला होता.

रॅडलर यांनी २००५ मध्ये गुन्हा कबूल केला. ब्लॅक २००७ मध्ये दोषी ठरले आणि त्यांना साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या कलमावर खटला उभा होता त्याचा अर्थ अरुंद केला. त्यानंतर ५५ लाखांच्या प्रकरणातली शिक्षा रद्द झाली, मात्र फोरम आणि पॅक्सटन या दोन कंपन्यांना पेपर विकताना घेतलेल्या ६ लाखांबद्दलचा गुन्हा आणि न्यायात अडथळा आणल्याचा गुन्हा कायम राहिला. शिक्षा ४२ महिन्यांवर आली. मे २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

४. पाच-सात हजार खपाच्या पेपरात गुंतवणूकदारांना एवढं काय दिसलं?

मक्तेदारी. मोठ्या शहरात दोन-तीन पेपर, टीव्ही, रेडिओ असतात. वीस हजार वस्तीच्या गावात शाळेच्या मंडळाची बैठक, पाणीपट्टी, शुक्रवारचा फुटबॉल सामना आणि कोण वारलं हे एकाच ठिकाणी छापून येतं. तिथल्या फर्निचरच्या दुकानदारालाही जाहिरात द्यायला दुसरी जागा नसते.

उत्पन्नाचे झरे साधारण असे: स्थानिक दुकानांच्या जाहिराती, छोट्या जाहिराती (घर, गाडी, नोकरी), रविवारच्या अंकात घातली जाणारी सुपरमार्केटची रंगीत पत्रकं, वर्गणी, पैसे देऊन छापल्या जाणाऱ्या निधनवार्ता, आणि सरकारी व न्यायालयीन जाहीर नोटिसा. शेवटच्या दोन बाबींकडे लोकांचं लक्ष जात नाही, पण मंदीतही त्या आटत नाहीत. लग्नाची जाहिरात टाळता येते, लिलावाची कायदेशीर नोटीस टाळता येत नाही.

शिवाय इंटरनेट गावात उशिरा पोचलं. छोट्या जाहिरातींची फुकट संकेतस्थळं आधी मोठ्या शहरांत पसरली, त्यामुळे २००५ च्या सुमारास ‘महानगरी पेपर बुडतील, गावचे तरतील’ हे अनुमान अगदी शहाणपणाचं वाटत होतं. ते पूर्ण खोटंही ठरलं नाही. फक्त त्या अनुमानावर किती कर्ज काढावं याचा हिशेब चुकला (प्रश्न ७).

५. शंभर पेपर एकत्र चालवून बचत नेमकी कशात होते? आणि त्यातून बिघडतं काय?

जवळजवळचे पेपर झुबक्याने घ्यायचे, ही पहिली रीत. पाच गावांचे पाच पेपर तासाभराच्या अंतरात असले की चार छपाईयंत्रं बंद करून एकावर पाचही छापता येतात. कागद घाऊक भावाने मिळतो. हिशेब, वर्गणी, दूरध्वनीवरची तक्रार नोंद हे सगळं एका जागी जातं. जाहिरात विभागाचा एकच माणूस पाचही पेपरांची जागा विकतो. यंत्र गेलं की गावाच्या मधोमध असलेली जुनी इमारत रिकामी होते आणि तीही विकली जाते.

दुसरी रीत पान लावण्याची. गेटहाउसने २०१४ पासून टेक्ससमधल्या ऑस्टिनमध्ये एक मोठं केंद्र उभारलं. शेकडो पेपरांची पानं तिथे लागू लागली, मथळे तिथे बसू लागले. वार्ताहर गावात, उपसंपादक दीड हजार मैलांवर.

बिघडतं ते ओळीने असं:

छपाई लांब गेली की शेवटचं पान सोडायची वेळ अलीकडे येते. ट्रकला दोन तास लागत असतील तर रात्री साडेअकराचं पान साडेनऊला सोडावं लागतं, कधी त्याहूनही आधी. गावातले रात्रीचे सामने आणि नगर परिषदेच्या बैठका नेमक्या त्यानंतर संपतात. म्हणजे ज्या बातम्यांसाठी लोक पेपर घेतात त्याच एक दिवस शिळ्या होतात.

दूरचा उपसंपादक व्याकरण तपासतो; मेन स्ट्रीट आणि ओल्ड मेन स्ट्रीट वेगळे आहेत हे त्याला माहीत नसतं. अशी चूक छापून आली की वाचक लगेच ओळखतो, आणि ‘हा पेपर आता इथला नाही’ हे त्याला पटायला अशा दोन-चार चुका पुरतात.

बातम्या कमी पडल्या की शेजारच्या गावच्या बातम्यांनी पान भरलं जातं. आपल्या पेपरात दुसऱ्याच तालुक्याचा अर्थसंकल्प का, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हेच उत्तर.

अलीकडची भर म्हणजे टपाल. अंक टाकणारी माणसं मिळेनात म्हणून कंपनीने अनेक ठिकाणी पेपर टपालाने पाठवायला सुरुवात केली. रविवारी टपाल येत नाही, त्यामुळे रविवारचा अंक शनिवारी दारात येतो. टपालाची वेळ गाठायची तर पान आणखी लवकर सोडावं लागतं.

६. फोर्ट्रेस कोण? २००६-०७ मध्ये एवढी खरेदी कुठल्या पैशांतून झाली?

फोर्ट्रेस इन्व्हेस्टमेंट ग्रुप ही न्यूयॉर्कची गुंतवणूक कंपनी. जून २००५ मध्ये तिने लिबर्टी ५२.७ कोटींना घेतली. पुढच्या वर्षी प्रमुखपदी मायकल रीड आले. ते आधी अलाबामातल्या ‘कम्युनिटी न्यूजपेपर होल्डिंग्ज’ या तशाच दुसऱ्या साखळीचे प्रमुख होते. मुख्यालय न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळच्या फेअरपोर्टला गेलं आणि नाव गेटहाउस झालं.

मग वर्षभरात मॅसॅच्युसेट्सचा मोठा भाग हातात आला: बोस्टनच्या आसपास शंभराच्या घरात साप्ताहिकं असलेली ‘कम्युनिटी न्यूजपेपर कंपनी’ २२.५ कोटींना, आणि जोडीला क्विन्सीचा ‘पेट्रियट लेजर’ व ब्रॉक्टनचा ‘एंटरप्राइज’. ऑक्टोबर २००६ मध्ये शेअर बाजारात प्रवेश, भाव १८ डॉलर. २००७ मध्ये कॉप्लीचे ओहायो व इलिनॉयमधले पेपर ३८ कोटींना, गॅनेटचे चार दैनिक ४१ कोटींना, मॉरिसचे डझनभर छोटे दैनिक ११.५ कोटींना.

पैसा बँकांचा होता. शेअरधारकांचा काही भाग होता, पण त्यांनाही दर तिमाहीला भरघोस लाभांश देण्याचं आमिष होतं. म्हणजे पेपरांची कमाई व्याजात आणि लाभांशात वाटली जात होती. मुद्दल फेडायला किंवा संकेतस्थळं नीट उभारायला फारसं काही उरत नव्हतं. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली निर्णायक वर्षं हीच दोन. नंतरचं बरंचसं त्यांचं बिल आहे.

७. पेपर नफ्यात होते म्हणता, मग कंपनी दिवाळखोरीत कशी?

कल्पित आकड्यांनी पाहू. एका पेपरची व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीची वार्षिक कमाई १० लाख. तो दहापट किमतीला, म्हणजे १ कोटीला घेतला. त्यातले ७० लाख ८ टक्क्यांनी कर्जाऊ. वर्षाचं व्याज ५ लाख ६० हजार, हातात ४ लाख ४० हजार. छान चाललंय.

आता जाहिराती घटून कमाई ६ लाखांवर आली. पेपर अजून फायद्यात आहे, गावातला कुठलाही दुकानदार अशा कमाईवर खूश असेल. पण व्याज तेवढंच. उरले ४० हजार, आणि त्यांतून कर, यंत्राची दुरुस्ती आणि मुद्दल. त्याच वेळी बाजारात अशा पेपरांचा भाव दहापटीवरून चौपटीवर आला, म्हणजे मालमत्तेची किंमत २४ लाख आणि डोक्यावर कर्ज ७० लाख. पेपर नफ्यात, मालक बुडीत.

गेटहाउसचं असंच झालं, फक्त कर्ज सुमारे १२० कोटींचं होतं. २००८ च्या मंदीत घर, गाडी आणि नोकरी या तिन्ही जाहिराती एकदम आटल्या. लाभांश थांबला, शेअर काही सेंटवर आला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजाराने तो यादीतून काढला. कर्जाची मुदत लांब होती म्हणून कंपनीने पुढची पाच वर्षं रेटली. त्या पाच वर्षांत कपात झाली ती वार्ताहरांची. व्याजाला कात्री लावता येत नाही.

इंटरनेट निर्दोष होतं असं नाही. पण कर्ज नसलेले घरगुती पेपर त्याच वादळात आकसले आणि टिकले, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

८. दिवाळखोरी झाली तेव्हा पेपर बंद पडले का? पैसे कुणाचे बुडाले?

एकही अंक चुकला नाही. २७ सप्टेंबर २०१३ ला डेलावेअरच्या न्यायालयात अर्ज झाला तो आधीच धनकोंची संमती घेऊन. अमेरिकी कायद्याच्या ११ व्या प्रकरणात असं करता येतं. २६ नोव्हेंबरला कंपनी बाहेरही आली, पुरते दोन महिनेही लागले नाहीत. कागदवाले आणि इतर पुरवठादार यांची देणी पूर्ण दिली गेली.

धनकोंना दोन पर्याय होते: डॉलरमागे ४० सेंट रोख, किंवा नव्या कंपनीचे शेअर. जुन्या शेअरधारकांचे शेअर रद्द झाले. हाती आले ते नव्या कंपनीचे काही शेअर पुढे ठरावीक भावाने घेण्याचे हक्क, एवढंच. १८ डॉलरला शेअर घेणारा सामान्य गुंतवणूकदार इथे संपला.

खोच अशी की फोर्ट्रेसच चालवत असलेल्या ‘न्यूकॅसल’ नावाच्या कंपनीने गेटहाउसचं निम्म्याहून अधिक कर्ज आधीच स्वस्तात विकत घेऊन ठेवलं होतं. त्यामुळे मालक म्हणून फोर्ट्रेस बाहेर पडली आणि धनको म्हणून पुन्हा आत आली.

९. दिवाळखोरीतून उठून लगेच परत खरेदी सुरू? हे कसं?

किमती पडल्या होत्या. पूर्वी दहापटीने मिळणारे पेपर आता तीन-चार वर्षांच्या कमाईत मिळत. न्यूकॅसलने २०१३ मध्येच रुपर्ट मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पकडून डाऊ जोन्सचे स्थानिक पेपर (केप कॉड टाइम्स वगैरे) ८.७ कोटींना घेऊन न्यू मीडियात घातले. मग ‘प्रॉव्हिडन्स जर्नल’ (२०१४, ४.६ कोटी), हॅलिफॅक्स मीडिया कंपनीचे छत्तीस पेपर (२०१५, २८ कोटी), ‘कोलंबस डिस्पॅच’ (२०१५, ४.७ कोटी), मॉरिसचे उरलेले दैनिक (२०१७, १२ कोटी), ‘ऑस्टिन अमेरिकन-स्टेट्समन’ आणि ‘पाम बीच पोस्ट’ (२०१८, प्रत्येकी पाच कोटींच्या आत). ही नावं लहान गावांची नाहीत, हे दिसलंच असेल. मोठ्या पेपरांचे भाव छोट्यांइतके खाली आले होते.

दुसरं कारण शुल्काचं. न्यू मीडियाचं व्यवस्थापन फोर्ट्रेसकडे होतं आणि करारानुसार तिला भागभांडवलाच्या दीड टक्का वार्षिक शुल्क, शिवाय ठरलेल्या मर्यादेवरच्या कमाईत २५ टक्के वाटा मिळे. नवे शेअर विकून नवे पेपर घेतले की भागभांडवल वाढतं, आणि ते वाढलं की शुल्क वाढतं. अशा रचनेत ‘आता थांबू, आहेत तेच पेपर सुधारू’ असं म्हणण्यात व्यवस्थापकाचा काहीच फायदा नसतो. हा करार २०२० च्या अखेरीस ३ कोटींहून थोडी अधिक रक्कम देऊन संपवण्यात आला.

१०. लास वेगासच्या पेपराचं काय प्रकरण होतं?

मार्च २०१५ मध्ये स्टीफन्स मीडियाचे पेपर १०.२५ कोटींना घेतले, त्यांत ‘लास वेगास रिव्ह्यू-जर्नल’ होता. डिसेंबरमध्ये तो एकटा १४ कोटींना विकला. ग्राहक कोण, हे पेपरच्या कर्मचाऱ्यांनाही सांगितलं नव्हतं. तिथल्याच वार्ताहरांनी खणून काढलं: कॅसिनोसम्राट शेल्डन ॲडलसन यांचं कुटुंब. व्यवहार म्हणून पाहिलं तर नऊ महिन्यांत सबंध खरेदी वसूल आणि बाकीचे पेपर फुकट.

११. गॅनेटने गेटहाउसला घेतलं की गेटहाउसने गॅनेटला?

गेटहाउसच्या पालक कंपनीने, म्हणजे न्यू मीडियाने, गॅनेटला घेतलं. छोट्या माशाने मोठा गिळला आणि त्याचंच नाव लावलं, कारण गॅनेट हे नाव १९०६ पासूनचं आणि ओळखीचं होतं. व्यवहार १९ नोव्हेंबर २०१९ ला पूर्ण झाला. गॅनेटच्या प्रत्येक शेअरमागे ६.२५ डॉलर रोख आणि नव्या कंपनीचा ०.५४२७ शेअर मिळाला. एकत्र कंपनीत न्यू मीडियाच्या भागधारकांचा वाटा ५९.५ टक्के. दैनिकांची संख्या अडीचशेच्या पुढे.

पैसा पुन्हा कर्जाचा: अपोलो ग्लोबल मॅनेजमेंटकडून १७९.२ कोटी, ११.५ टक्क्यांनी. प्रश्न ७ मधला हिशेब इथे वेगळ्या आकड्यांनी करून पाहावा. चार महिन्यांत कोविड आला. पुढची वर्षं कर्ज फेडण्यासाठी इमारती आणि पेपर विकण्यात, कपातीत गेली. जून २०२३ मध्ये अनेक पेपरांच्या पत्रकारांनी संप केला. कॅलिफोर्नियातल्या ‘सॅलिनस कॅलिफोर्नियन’मध्ये तर एकही वार्ताहर उरला नव्हता, पैसे देऊन छापलेल्या निधनवार्ता तेवढ्या स्थानिक होत्या.

नावाचा आणखी एक गुंता: २०१५ मध्ये मूळ गॅनेटची फोड झाली. टीव्ही केंद्रांची मूळ कंपनी ‘टेग्ना’ झाली आणि पेपरांच्या नव्या कंपनीला ‘गॅनेट’ नाव मिळालं. म्हणजे २०१४, २०१६ आणि २०२० ची गॅनेट या कायद्याने तीन वेगळ्या कंपन्या आहेत.

१२. न्यू जर्सीतल्या एडिसनला आमचे नातेवाईक आहेत. तिथला पेपर यांचाच का?

एडिसन ज्या मिडलसेक्स काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) आहे तिथला दैनिक ‘होम न्यूज ट्रिब्यून’ १९९७ पासून गॅनेटचा, म्हणजे २०१९ पासून याच कंपनीचा. तिथल्या मराठी मंडळींनी वर्षानुवर्षं ज्या पेपरात शाळांचे निकाल पाहिले त्याची मालकी अशी फिरली.

१३. फोर्ट्रेस आणि आल्डन एकच का?

नाही. आल्डन ग्लोबल कॅपिटल ही वेगळी गुंतवणूक कंपनी. तिची पेपरांची साखळी ‘मीडियान्यूज’. तिने जानेवारी २०१९ मध्ये गॅनेटला शेअरमागे १२ डॉलर देऊ केले होते. गॅनेटने नकार दिला आणि काही महिन्यांनी न्यू मीडियाशी सोयरीक जुळवली. आल्डनने २०२१ मध्ये ट्रिब्यून पब्लिशिंग घेतली. आल्डनच्या तुलनेत गेटहाउस सौम्य, असं म्हटलं जातं. तुलनाच अशी आहे की त्यात कुणीही सौम्य ठरेल.

१४. गेटहाउसने न्यूयॉर्क टाइम्सवर खटला का भरला होता?

डिसेंबर २००८ मध्ये. टाइम्सच्या मालकीचं बोस्टन डॉट कॉम हे संकेतस्थळ उपनगरांची पानं बनवताना गेटहाउसच्या ‘विकेड लोकल’ संकेतस्थळांवरचे मथळे आणि पहिलं वाक्य आपोआप उचलून दुवा देत होतं. गेटहाउसचं म्हणणं, आमच्या वार्ताहराच्या श्रमावर तुमचं पान उभं आहे. जानेवारी २००९ मध्ये सुनावणीच्या तोंडावर तडजोड झाली, त्यामुळे ‘दुवा देणं कायदेशीर की बेकायदा’ याचा निकाल लागलाच नाही. हा खटला उदाहरण म्हणून देणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

१५. एखादा पेपर कधी कुणाच्या मालकीचा होता, हे कसं शोधायचं?

आधी ऑक्टोबरचा अंक काढा. टपालाच्या सवलतीच्या दराने जाणाऱ्या पेपरांना दरवर्षी मालकीचं निवेदन छापावं लागतं (टपाल खात्याचा ३५२६ क्रमांकाचा फॉर्म). रोजचा पेपर असेल तर १० ऑक्टोबरपर्यंत, साप्ताहिक असेल तर महिनाअखेरपर्यंत. त्यात मालकाचं नाव, एक टक्का किंवा अधिक कर्जरोखे धरणारे, सरासरी छपाई आणि पैसे भरणारे वर्गणीदार असतात. आपल्याकडे अनेक वर्षं मार्चच्या सुरुवातीला मराठी पेपरांत कोपऱ्यात ‘फॉर्म ४’ छापून येत असे, त्याचाच हा भाऊ. दहा वर्षांचे ऑक्टोबर शेजारी ठेवले की मालकी आणि खप दोन्हींचा आलेख तयार होतो.

मग अमेरिकेच्या रोखे आयोगाच्या ‘एडगर’ या संकेतस्थळावर वार्षिक अहवाल पाहा. लिबर्टीचे अहवालही तिथे आहेत, कारण तिने कर्जरोखे विकले होते. गेटहाउसच्या अहवालांत राज्यवार, गाववार पेपरांची यादी असते. नेहमी चुकतं ते इथे: २०१४ ते आजपर्यंतचे अहवाल एकाच नोंदीखाली आहेत आणि वर आजचं नाव दिसतं, म्हणून ‘न्यू मीडिया’ शोधणाऱ्याला वाटतं अहवालच नाहीत. २०१९ आधीच्या गॅनेटची नोंद वेगळी.

पेपरचं नाव बदललं किंवा दोन पेपर एक झाले असतील तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वृत्तपत्र-सूचीत आधीची आणि नंतरची नावं मिळतात.

१६. जुना अंक किंवा आजोबांची निधनवार्ता हवी आहे. कंपनीला लिहू का?

लिहून फारसा उपयोग नाही. इमारत विकताना कात्रणांचे संग्रह कुठे गेले हे बहुधा नव्या कर्मचाऱ्यालाही ठाऊक नसतं. गावच्या सार्वजनिक वाचनालयाला विचारा. मायक्रोफिल्म तिथे किंवा राज्य ग्रंथालयात असते आणि आंतरग्रंथालय योजनेतून मागवता येते. व्यक्तीचं पूर्ण नाव, मृत्यूची तारीख आणि पुढचे सात दिवस एवढं कळवलं की ग्रंथपाल शोधून देऊ शकतात. १९६३ पर्यंतचे बरेच अंक ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’वर मोफत आहेत. अवघड काळ साधारण २००५ ते २०१५: संकेतस्थळं वारंवार बदलली, जुने दुवे मेले, आणि फक्त ऑनलाइन आलेला मजकूर मायक्रोफिल्मवर नसतो. त्यासाठी वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं जपून ठेवणारं संकेतस्थळ) पेपरचा जुना पत्ता टाकून पाहणं, एवढाच मार्ग.

१७. गावचा पेपर बंद झाला. आता जाहीर नोटीस कुठे द्यायची?

प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. साधारण अट अशी की पेपर नियमित निघणारा, सर्वसामान्य वाचकांचा आणि त्या काउंटीत खपणारा असावा. काउंटीत एकही उरला नसेल तर बहुतेक ठिकाणी शेजारच्या काउंटीतला चालतो. आधी काउंटी लिपिकाकडून लेखी खात्री करून घ्यावी, कारण चुकीच्या पेपरात छापलेली नोटीस पुन्हा पैसे भरून छापावी लागते.

न्यूयॉर्क राज्यात एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) काढणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. कंपनी अस्तित्वात आल्यापासून १२० दिवसांच्या आत, काउंटी लिपिकाने नेमून दिलेल्या दोन पेपरांत (एक दैनिक, एक साप्ताहिक) सलग सहा आठवडे नोटीस यावी लागते. मग दोन्ही पेपरांची प्रतिज्ञापत्रं जोडून ५० डॉलर शुल्कासह प्रमाणपत्र दाखल करायचं. साप्ताहिक मधेच बंद झालं तर थांबून राहू नका. लिपिकाकडून दुसरं नाव लगेच घ्या, मुदत चालूच असते.

१८. महाराष्ट्रात असं होऊ शकतं का?

याच साच्यात नाही. वृत्तपत्रांत परकी गुंतवणुकीला २००२ पासून २६ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे फोर्ट्रेससारखी परदेशी कंपनी जिल्हा दैनिकांची साखळी ताब्यात घेऊ शकत नाही. शिवाय मराठीत मोठे पेपर वाढले ते मुख्यतः स्वतःच्या जिल्हा आवृत्त्या काढून. गावचा पेपर विकत घेण्यापेक्षा त्याच्या शेजारी आपली आवृत्ती उभी करायची, ही इथली रीत. जिल्हा दैनिकाला धोका त्या बाजूने असतो, आणि सरकारी जाहिरातींवरच्या अवलंबनातून.

१९. साखळीकडे गेलेला पेपर गावाला परत मिळतो का?

कधीकधी. २०१९ नंतर कंपनीने अनेक छोटे पेपर विकले. न्यू जर्सीच्या चेरीरोड मीडियासारख्या नव्या ग्राहकांनी बरेच घेतले. घेणाऱ्याने नाव, वर्गणीदारांची यादी, जुन्या अंकांचे हक्क आणि टपाल परवाना या चारही गोष्टी करारात आहेत ना ते तपासावं. इमारत आणि यंत्र बहुधा आधीच गेलेलं असतं, तेव्हा छपाईचा करार वेगळा करावा लागतो, आणि जवळचं छपाईयंत्र अनेकदा विकणाऱ्या कंपनीचंच निघतं.

दुसरा रस्ता म्हणजे जुन्याची वाट न पाहता नवं काढणं. कंपनीने २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या १९ साप्ताहिकांची छापील आवृत्ती थांबवली. त्याच सुमारास ‘न्यू बेडफर्ड लाइट’, ‘मार्बलहेड करंट’, ‘प्लिमथ इंडिपेंडंट’ अशी ना-नफा वृत्तसंस्थांची रांग तिथे उभी राहिली. देणग्यांवर त्या बातम्या देऊ शकतात. मात्र छापील पेपर नसेल तर अनेक राज्यांत जाहीर नोटिसांचं उत्पन्न त्यांना मिळत नाही (प्रश्न १७), आणि ते बहुधा त्याच साखळीच्या उरलेल्या प्रादेशिक दैनिकाकडे जातं.